मल्लिनाथनं उतरवलेला ताप

मल्लिनाथ,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. उचललास तरी "बाई, गाडीखाली हाय, करतो नंतर" एवढंच बोलतोस आणि नंतर करत नाहीस. औसा रोडवरून जाताना तुझा पिवळा बोर्ड लांबून दिसतो. टर्बो स्पेशालिस्ट! मला दरवेळी हसू येतं. हा बोर्ड ऐन उन्हाळ्यात कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून उभा होता, हे त्या रस्त्यावर कुणाला माहीत नाही. तू सांगणार नाहीस, कारण तुला तुझ्या फजितीचं काही आठवत नाही. तुझ्या बायकोला, बबिताला, सांगायला वेळ नाही. मला वेळही आहे आणि आठवतंही आहे. तेव्हा आता थोडा वेळ गप्प बस आणि वाचणाऱ्यांना आत येऊ दे. तुझी गोष्ट तुलाच काय सांगायची?

तर मल्लिनाथ मूळचा उदगीरकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी आणि गिऱ्हाइकाशी हिंदी. बाप धान्याच्या मोंढ्यात पोती उचलायचा. पोराला पोत्यांचं वावडं आणि शाळेचंही, म्हणून तो लातूरला आला आणि एका दुकानात कूलरचे पत्रे वाकवायला लागला. पुढे ते काम त्यानं स्वतःचं केलं आणि लग्न झाल्यावर बबिताला त्यात घेतलं. खरं तर बबितानं त्याला त्यात ठेवलं.

आमच्या लातूर-नांदेडात उन्हाळ्यात कूलरचा मान जावयाच्या वर असतो. तो रुसला तर घर झोपत नाही. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, वरून झिरपणारं पाणी आणि ओली हवा आत ढकलणारा पंखा, एवढाच त्याचा संसार. पण दर होळीच्या सुमाराला ते गवत बदलावं लागतं, कारण बोअरच्या खारट पाण्यानं वर्षभरात त्याचा दगड होतो. ते बदलायला माझ्याकडे मल्लिनाथ यायचा. आल्याबरोबर उलटा हात लावून सगळं तपासायचा, आई पोराच्या कपाळाला लावते तसा. मोटर, भिंत, गॅलरीचा कठडा, चहाचा ग्लास, काही सोडायचा नाही.

"बाई, ह्या भिंतीला ताप हाय."

"पश्चिमेची आहे ती. भूगोल शिकवला मी आयुष्यभर, मला माहीत आहे."

"माहीत असून पडदा न्हाई लावला?"

असा माणूस. तोंडाला कुलूप नाही आणि हाताला काम पाहिजेच. कानामागे पेन्सिल, खिशात पक्कड, आणि शर्टाची बटणं नेहमी एक घर खाली-वर. बोललेलं खरं करून दाखवायची घाई इतकी, की बोलण्याआधी विचार करायला उसंत मिळत नसे.

कूलरचं काम त्याला येत होतं, पण त्याचं मन गाड्यांत होतं. फोनवर रात्रंदिवस गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. शेजारच्या गॅरेजांत जाऊन उभा राहायचा, पाने उचलून द्यायचा, न विचारता सल्ला द्यायचा. ते लोक त्याला हाक मारायचे, "ए कूलर, बाजूला सरक, उजेड अडवू नको." त्याला नावानं हाक मारावी असं तिथे कुणाच्या मनात येत नसे. ही गोष्ट त्याला फार लागायची. हसण्यावारी न्यायचा, पण लागायची. त्याला एवढंच हवं होतं, की त्या ओळीत एकदा तरी कुणीतरी "मल्लिनाथ मिस्त्री" म्हणावं.

त्यात माझी गाडी आली. छोटीशी, लाल, पेट्रोलवर चालणारी आणि टर्बोची. निवृत्त झाल्यावर घेतली आणि नांदेडला चांगुणाअक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, स्वतः चालवत जायला लागले. सकाळी निघालं तर गाडी हरणासारखी. दुपारी निघालं तर म्हशीसारखी. चाकूर ओलांडेपर्यंत कुरकुर, आणि अहमदपूरच्या पुढे चढ लागला की पाय तळाला टेकवला तरी ओढ नाही. एकदा वऱ्हाडाच्या टेम्पोनं मला मागं टाकलं आणि आतल्या बायांनी हात हलवले. कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, उन्हाळा आहे ना." हे मला कॅलेंडरवरून कळलं होतं.

हे मी मल्लिनाथला सांगितलं तेव्हा तो माझ्या कूलरचं जुनं गवत उपटत होता. ते तसंच टाकून तो खाली धावला. बॉनेट उघडलं, उलटा हात लावला आणि "यप्पा!" करून हात झटकला.

"बाई, हिला ताप हाय. मेंदूपर्यंत चढलाय."

मग जिन्यात बसून त्यानं मला समजावलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारी आई. खा, अजून खा. पण हवा कोंबली की तापते, सायकलचा पंप मारताना बूड तापतं तशी. तापलेली हवा फुगते, पातळ होते. पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगी लागत नाही. म्हणून ती आधी पुढच्या एका जाळीतून फिरवून थंड करतात आणि मग इंजिनाला देतात. ती जाळी म्हणजे इंटरकूलर. आता बाहेरच भट्टी, बॉनेटमध्ये त्याहून मोठी भट्टी, तर जाळी बिचारी काय थंड करणार? गाडीला कळतं, आता जोर लावला तर इंजिन जळेल. ती स्वतःच जोर आवरते.

"म्हणजे गाडी शहाणी आहे," मी म्हटलं.

"गाडी शहाणी हाय. तिचा इंटर कच्चा हाय."

इंटरकूलर हा शब्द तो पुरा म्हणत नसे. इंटर. पुढचा शब्द त्याच्या जिभेवर यायचाच नाही. गॅरेजवाल्यांनी त्याला ते नाव दिल्यापासून त्यानं ठरवलं होतं, की गाडीच्या कामात कूलरचं नाव काढायचं नाही. हे नीट लक्षात ठेवा. सगळी गोष्ट इथेच अडली.

पहिला इलाज बॉनेटचा. गरम हवा वर जाते, तिला वाट द्या, म्हणून त्यानं काचेकडच्या बाजूला बिजागरीखाली वायसरच्या चकत्या घालून बॉनेट बोटभर वर उचललं. गाडी जांभई देताना दिसायला लागली. उभी असताना खरंच वाफा निघून जायच्या. पण पळायला लागली की तीच गरम हवा काचेखालच्या फटीतून एसीत शिरायची आणि माझ्या तोंडावर. मी औसा रोडवरून परत आले ती भाजलेल्या वांग्यासारखी. बबिता दुकानात ताट्या बांधत बसली होती. माझ्याकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "गाडीचा ताप उतरला का बाईला चढला?"

दुसरा इलाज टर्बोच्या धुराड्याला पट्टी बांधायचा. जखमेला बांधतात तशी एक जाड, उष्णता अडवणारी पट्टी असते, ती तापलेल्या नळीला गुंडाळायची, म्हणजे नळीचा ताप नळीतच राहतो. इलाज चांगला होता, आजही माझ्या गाडीत ती पट्टी आहे. फक्त ती पहिल्यांदा तापली की पांढरा धूर सोडते, हे त्यानं मला सांगितलं नाही. मी भर बाजारात सिग्नलला उभी, आणि बॉनेटमधून धूर. रसवंतीवाला बर्फाची बादली घेऊन धावला. एका भल्या माणसानं मला दार उघडून ओढून बाहेर काढलं, माझी एक चप्पल आत राहिली. मी मल्लिनाथला फोन लावला.

"पांढरा हाय ना धूर?" तो म्हणाला.

"पांढरा आहे."

"मग चांगला हाय. काळा आला तर सांगा."

तिसरा इलाज खरा. शेतीच्या दुकानातून त्यानं तुषार सिंचनाचे बारीक नोझल आणले, धुक्यासारखं पाणी सोडणारे. ते जाळीच्या पुढे बसवले. काच धुवायची मोटर जोडली, पाण्याचा एक कॅन ठेवला आणि स्टिअरिंगजवळ घराच्या बेलचं बटण लावलं. बटण दाबलं की जाळीवर धुकं, पाणी उडून जाताना ताप घेऊन जातं, आतली हवा थंड. कोरड्या हवेत हे फार चांगलं चालतं आणि कोरड्या हवेत आम्ही श्रीमंत आहोत. पहिल्या दुपारी औशाच्या रस्त्याला मी बटण दाबलं आणि थोड्या वेळात गाडीनं अशी उडी घेतली, की मल्लिनाथ शेजारच्या सीटवर लहान पोरासारखा ओरडला. परत आल्यावर तो त्या गॅरेजांच्या ओळीसमोरून मला गाडी हळूहळू न्यायला लावत होता. मी नेली. त्याच दिवशी जाऊन त्यानं बोर्ड रंगवायला टाकला.

आता पाण्याचं सांगते. ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आलं, त्या गावातला माणूस चांगलं पाणी गाडीवर उडवत नाही. त्याचा हातच होत नाही. आमच्याकडे घरोघर आरओ मशीन, आणि त्यातून जे टाकाऊ पाणी निघतं तेही कुणी मोरीत सोडत नाही. बादलीत धरतात, फरशी पुसतात, संडासात टाकतात. मल्लिनाथनं तेच कॅनमध्ये भरलं. वाया जाणारं पाणी कामी येतंय, याचा त्याला बोर्डाइतकाच अभिमान.

दोन-चार आठवडे बरे गेले. मग बटण दाबलं तरी गाडी पूर्वीइतकी हुशारत नव्हती. मग मुळीच नाही. मग इलाजाच्या आधीपेक्षा वाईट. मल्लिनाथनं पेट्रोलला दोष दिला, टायरला दिला, हवेत उडणाऱ्या धुळीला दिला. शेवटी मला.

"बाई, तुमचा पाय हलका झालाय."

"माझा पाय जड आहे का हलका ते तुला दाखवू?"

आणि हे सगळं कूलरच्या ऐन हंगामात. दुकानात गिऱ्हाइकं गवतासाठी उभी, बबिता एकटी ताट्या बांधणार, मोटरी बसवणार, फोन घेणार, आणि हा माझ्या गाडीखाली. एका दुपारी तिच्या डोक्याचं पाणी उकळलं. नवा रंगवलेला बोर्ड तेवढ्यात रिक्षानं आला होता. तिनं तो उतरवून घेतला आणि शटरच्या आत भिंतीकडे तोंड करून उभा केला.

"हे काय?" मल्लिनाथ म्हणाला.

"तोंड दाखवायच्या लायकीचा झाला की फिरवू."

"बबे, गिऱ्हाइकासमोर..."

"गिऱ्हाइक कूलरचं हाय. त्याला ऐकू द्या." मग माझ्याकडे वळून, "बाई, बुद्धपौर्णिमेला तुम्ही नांदेडला जाताव ना खीर घेऊन?"

"जाते. दरवर्षी."

"यंदा भर दुपारी जावा. मी बसते मागं. अहमदपूरच्या पुढचा चढ गाडीनं न रडता चढला तर दुकानाच्या दोन शटरांतलं हे एक गाड्यांचं, बोर्ड मी स्वतः लावते. रडली तर गाड्या बंद. पुन्हा पक्कड कूलरलाच." नवऱ्याला म्हणाली, "कबूल?"

मल्लिनाथ म्हणाला, "कबूल." आणि उलटा हात स्वतःच्या कपाळाला लावून बघितला.

पौर्णिमा तोंडावर आली तरी रोग सापडला नव्हता. त्यानं बंपर काढून ठेवला होता आणि माझ्या गाडीच्या नाकासमोर जमिनीवर उताणा पडला होता. मी खुर्चीवर बसून त्याला घाई करत होते, कारण कुणीतरी करायला हवी. बबिता पायरीवर एका गिऱ्हाइकाच्या कूलरची जुनी ताटी रिकामी करत होती. गवताचा दगड झाला होता. तिनं ती पायरीवर आपटली. पांढरा भुगा उडाला आणि सगळा मल्लिनाथच्या तोंडावर पडला.

तो ओरडणार होता. तोंड उघडलंही. पण ओठावरचा भुगा त्यानं जिभेनं चाखला आणि तसाच थांबला. मग हात वर करून माझ्या गाडीच्या जाळीवर नख ओढलं. पट्ट्यांच्या मधून पांढरी खपली निघाली.

"बबे, ही जाळी..."

बबिता उठून वाकली. बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

"जाळी न्हाई ही. ताटी हाय. माझ्या हातात हाय तीच. काय पाणी घातलं हिला?"

"आरओचं. टाकाऊ."

"टाकाऊ म्हंजे आरओनं जो खार गाळला तो सगळा ज्याच्यात हाय ते. बोअरच्या पाण्याच्या पुढचं!" तिला हसू आणि राग एकदमच येत होते. "आख्ख्या लातूरला सांगत फिरताव, खारट पाणी घालू नका, गवताचा दगड होतो, हवा जात न्हाई. आन् गाडीला नेमकं तेच पाजलं?"

"ती गाडी हाय," मल्लिनाथ बारीक आवाजात म्हणाला. "त्यात कूलरचं काय?"

बबितानं हातातली ताटी जाळीशेजारी धरली. त्याला स्वतःलाच ऐकू आलं असावं, कारण तो तसाच भुग्यानं माखलेला उठून बसला आणि जाळीला उलटा हात लावून बघायला लागला. शेवटी म्हणाला, "इंटरकूलर." पुरा शब्द. मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

जाळी साफ केली ती बबितानं. लिंबूसत पातळ करून, दाढीच्या ब्रशनं, लगेच धुऊन, पुन्हा तसंच. नवऱ्याला ब्रश तेवढा धरू दिला नाही. "तुम्ही जोर लावताव. पट्ट्या वाकतील."

प्रश्न उरला मऊ पाण्याचा. पावसाला अवकाश होता. पण लातुरात एक पाऊस बारमाही पडतो, तो क्लासेसच्या गल्लीत. डॉक्टर व्हायला आलेली पोरं एकेका हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेली, दिवसभर एसी चालू, आणि मागच्या भिंतीवर एसीच्या नळ्यांतून टपटप. ते पाणी म्हणजे हवेतली वाफ आणि पोरांचे श्वास. त्यात क्षाराचा कण नाही. बॅटरीत घालायला लोक नेतातच. मल्लिनाथ कॅन घेऊन गेला आणि मला सोबत घेऊन गेला, कारण पहारेकरी मॅडमना हटकत नाहीत. हटकलं.

"काय भरून राहिले, काका?"

"तुमच्या पोरांची वाफ," मल्लिनाथ म्हणाला. "वाया चाललीय."

घरी येताना कॅन मांडीवर धरून मला म्हणाला, "बाई, हे पाणी लई हुशार हाय. सगळं पाठ असंल त्याला."

बुद्धपौर्णिमेला ऊन असं होतं की सावलीनंही सावली शोधावी. मी पांढरं लुगडं नेसले, खिरीचा डबा बांधला. मल्लिनाथ शेजारी, बबिता मागं. तिच्या मांडीवर डबा आणि हातात घरून आणलेली पाण्याची मोठी बाटली, आरओची, चांगल्या बाजूची. एसी चालू ठेवायचा, ही तिची आणखी एक अट. ती म्हणाली परीक्षा कडक व्हावी म्हणून. मला वाटतं तिला उकडत होतं.

लातूर सुटलं आणि मल्लिनाथनं बटण दाबलं.

"अजून सपाट आहे रस्ता," मी म्हटलं.

"बघून घेतो जरा."

मग तो बघतच राहिला. ट्रक दिसला की बटण. मोटारसायकलवाल्यानं वळून पाहिलं की बटण. चाकूरला एक ओळखीचा गॅरेजवाला टपरीवर उभा होता, त्याला दिसावं म्हणून काच खाली करून लांब बटण. पुढून धुक्याचा फवारा, उन्हात इंद्रधनुष्य. मी त्याचा हात झटकला, बबितानं मागून त्याच्या पाठीत बोट टोचलं, काही उपयोग नाही. आयुष्यात पहिल्यांदा मिरवायला मिळालेल्या माणसाला कोण आवरणार? अहमदपूर ओलांडलं, आणि चढाच्या तोंडाशी रस्त्याचं काम. एकेरी वाहतूक. गाड्यांची रांग, पुढे एसटी, त्यापुढे ट्रक, मागे ट्रक. इंजिन चालू, वारा नाही, बॉनेटखाली ताप चढत चाललेला. मल्लिनाथनं बटण दाबलं. मोटर नुसती गुरगुरली.

त्यानं पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे बघितलं नाही, मागेही बघितलं नाही.

"संपलं?" बबिता म्हणाली.

"संपलं."

तो खाली उतरला, कॅन उलटा करून झटकला. रस्त्याच्या कडेला एका हॉटेलसमोर पाण्याचा हौद होता. बोअरचा. हौदाच्या काठावर पांढरा थर, लांबून दिसत होता. मल्लिनाथ हौदापर्यंत गेला, थरावर उलटा हात फिरवला आणि परत आला. एवढं शिकला होता.

हॉटेलवाला ओरडला, "घ्या की पाणी! काय बघून राहिले?"

"नको," मल्लिनाथ म्हणाला. "हिला चालत न्हाई."

"गाडीला पाणी चालत न्हाई? मग काय सरबत देऊ?"

रांग पुढे सरकायला लागली. मागचा ट्रक हॉर्न द्यायला लागला. मल्लिनाथ खिडकीशी येऊन उभा राहिला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, बटणं अर्थातच चुकलेली. "बाई, चला," तो म्हणाला. "चढंल तशी चढंल. हरलो तर हरलो. ताट्या बांधीन." माझ्याशी बोलत होता, पण ऐकवत होता मागच्या सीटला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. बबिता उतरली. हातातली बाटली, जिच्यातलं पाणी ती स्वतः गाळून, रात्रभर माठात ठेवून घेऊन आली होती आणि जिच्यातला एक घोटसुद्धा तिनं लातूरपासून घेतला नव्हता, ती तिनं नवऱ्यापुढे धरली.

"घाला."

"प्यायचं हाय ते," मल्लिनाथ म्हणाला.

"मला कळतंय प्यायचं हाय ते."

"गाडीवर? प्यायचं पाणी?"

"माझं पाणी हाय. मी कुणावर बी ओतीन. मागचा ट्रकवाला शिव्या देऊलालाय, लवकर घाला. आन् ते बटण मी सांगितल्याशिवाय दाबायचं न्हाई. बाई, तुम्ही बी त्याला हात लावू देऊ नका."

त्यानं बाटली कॅनमध्ये रिकामी केली. दुसरा हात खाली धरला होता, थेंबही वाया जाऊ नये म्हणून. आम्ही निघालो. बबिता दोन सीटांच्या मधून पुढे वाकून रस्ता बघत होती, खिरीचा डबा पोटाशी. चढ लागला. गाडी जड झाली, ओढ सुटायला लागली. मल्लिनाथचं बोट बटणावर.

"अजून न्हाई," बबिता म्हणाली.

"बबे, ती दमूलालीय..."

"अजून न्हाई म्हणलं ना. आधी जरा वारा लागू दे जाळीला. नुसतं पाणी काय करतंय वाऱ्याबिगर? आता. दाबा. थोडं. सोडा. पुन्हा."

कूलर चालवावा तशी ती माझी गाडी चालवत होती. पाणी, वारा, पाणी, वारा. आणि गाडी उचलली गेली. म्हणजे खरोखर, कुणी वरून पदर धरून ओढून घ्यावं तशी. मी एसटीला ओलांडलं. मग ट्रकला. माथ्यावर पोचले तेव्हा मला स्वतःचं हसणं ऐकू आलं, आणि त्यात मल्लिनाथचं "यप्पा, यप्पा!"

बबिता मागं टेकून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आता मला तहान लागलीय. गाडी थांबवा कुठंतरी, मिस्त्री."

मल्लिनाथनं पुढच्या टपरीवर मला गाडी थांबवायला लावली. उतरण्याआधी शर्टाची बटणं सोडून एकेक नीट लावली, आणि मग तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली. त्याची बटणं बरोबर लागलेली मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाहीत. चांगुणाअक्कानं दार उघडल्यावर पहिलं वाक्य म्हटलं, "अगं, भर उन्हाची कशाला आलीस? गाडी तापली असेल." मल्लिनाथनं बॉनेटला उलटा हात लावला आणि म्हणाला, "ताप न्हाई, अक्का. हात लावून बघा." अक्कानं लावला, चटका बसला आणि आख्खी खीर संपेपर्यंत ती त्याला बोलत होती.

बोर्ड दुसऱ्या दिवशी लागला. बबितानं स्वतः शिडी धरली नाही, स्वतः शिडीवर चढली. धरायला मल्लिनाथ. आता आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांच्या टर्बोच्या गाड्या त्याच्याकडे येतात, आणि एसीच्या पाण्याच्या कॅनांची रांग शटरसमोर असते. दुसरं शटर बबिताचं. तिच्याकडे गवत मिळतं आणि गाडीचा सल्लाही, पण तो ती नवऱ्याच्या नावानं देते.

आता बोल, मल्लिनाथ. काही चुकलं का?

नसेल तर माझं काम ऐक. ज्या दिवशी तू पहिल्यांदा माझ्या गाडीचं बॉनेट उघडायला जिन्यातून धावलास, त्या दिवशी माझ्या कूलरची एक ताटी उपटून झाली होती आणि दोन व्हायच्या होत्या. तू म्हणालास, "आलोच, बाई." नव्या गवताचा गठ्ठा गॅलरीत ठेवून गेलास. बबिता म्हणाली मी येऊन बसवते, मी नको म्हटलं, कारण तू आलोच म्हणाला होतास. मागचा उन्हाळा मी एका ताटीच्या भोकातून गरम हवा खात काढला. होळी होऊन गेली. गठ्ठा अजून तिथेच आहे, अर्धा. उरलेल्या अर्ध्याचं कबुतरांनी कठड्यावर घरटं केलंय, आणि त्यात आता अंडी आहेत.